सूर्यास्तापूर्वी घरी

गेल्या पंधरवड्यात माझ्या भाच्याचा अमेरिकेहून दूरध्वनी आला. पश्चिमेकडील आयडाहो राज्यात बॉइझी नावाचे शहर आहे, तेथे तो नोकरीस असतो. घरभाड्याने जेरीस आलो, मामा, वर्ध्याला परत यावेसे वाटते, असे तो म्हणाला आणि लगेच विचारता झाला, "तिथे राहणे कसे आहे?" ज्या गावात उभे आयुष्य गेले त्याविषयी हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. उत्तर देताना माझी तारांबळ उडाली, हे वाचकांपासून कशाला लपवू?

प्रथम त्याच्या गावाविषयी. २०२० च्या जनगणनेनुसार बॉइझीची लोकसंख्या सुमारे २ लाख ३५ हजार, म्हणजे २०११ मधील वर्ध्याच्या दुपटीहून थोडी अधिक. नदीच्या काठाने सुमारे ४० किलोमीटरची झाडीतली पायवाट. संगणकाच्या चिप बनविणारी मायक्रॉन ही कंपनी १९७८ साली तेथेच सुरू झाली, त्यामुळे तरुणांना कामासाठी गाव सोडावे लागत नव्हते. घरे स्वस्त, हवा स्वच्छ. या गोष्टीची कीर्ती पसरली. कोरोनाच्या काळात घरबसल्या काम करण्याची मुभा मिळालेले कॅलिफोर्नियातील लोक तिकडची महाग घरे विकून येथे आले आणि २०२१ साली त्या परिसरात सर्वसाधारण घराची किंमत पाच लाख डॉलरच्या पुढे गेली. स्थानिक पगारावर जगणारे शिक्षक, कारागीर पाहतच राहिले. स्वस्त म्हणून माणसे आली आणि माणसे आली म्हणून स्वस्ताई गेली. बाजारात वाढलेल्या आपल्या घरांना हे गणित नवे नाही. तुरीच्या भावात आपण ते दरवर्षी पाहतो.

आता वर्धा. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी हे जिल्ह्याचे ठाणे वसविले गेले. आजही येथे भाड्याच्या घरात राहणारा सामान्य कारकून महिनाअखेर दोन पैसे शिल्लक टाकू शकतो. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे, सावंगीला दुसरे आहे. एवढ्याशा गावाला दोन मोठी रुग्णालये लाभावीत हे भाग्यच. हिंदी विश्वविद्यालय आहे, मुंबई-हावडा लोहमार्ग आहे, नागपूर पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि आता समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. सत्तरच्या दशकापासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. ती कागदावर किती आणि गल्लीत किती, हे पोलिसांइतकेच आपणही जाणतो. तरी भर चौकात दारूचे दुकान नाही, एवढे समाधान आहे. उन्हाळ्याविषयी मात्र भाच्याला खरे सांगितले. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर चढतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही.

परंतु हे सारे माहितीपत्रकात छापण्याजोगे. माझ्या मते या गावाचे खरे देणे निराळे आहे. गोलबाजारातील पेढीवरून माझे घर पायी दहा मिनिटांवर आहे. वर्धा मुंबईच्या बरेच पूर्वेस असल्याने येथे सूर्य वीस-बावीस मिनिटे आधी मावळतो. मार्गशीर्षात साडेपाचलाच दिवेलागण होते. तरीही पन्नास वर्षांत माझे सूर्यास्तापूर्वीचे भोजन क्वचितच चुकले असेल. माझा धाकटा भाऊ मुंबईस गेला. त्याच्या मनात श्रद्धा माझ्याहून तसूभर कमी नव्हती. पण सायंकाळी सहाला तो लोकलच्या गर्दीत उभा असे. काही वर्षे त्याने दुपारच्या डब्यातील दोन पोळ्या राखून कार्यालयातच खाल्ल्या, मग तेही सुटले. नियम त्याने सोडला असे मी म्हणणार नाही, अंतराने सोडविला.

जीवनाचा दर्जा म्हणजे काय, याचा विचार आपल्याच गावी होऊन गेला आहे. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे परदेशात शिकलेले हिशेबतज्ज्ञ होते. राहणीमान 'उंच' आणि 'खालचे' असे मोजण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. राहणी गुंतागुंतीची असते किंवा साधी असते, आणि साधी राहणी उच्च प्रतीची असू शकते, अशी त्यांची मांडणी होती. मगन संग्रहालयाजवळून आपण रोज जातो, पण हा मनुष्य आपल्या व्यापारी घरांतून फारसा वाचला गेला नाही. हिशेब जाणणाऱ्यांनी तरी वाचायला हवा होता.

हे सर्व मी भाच्याला मोठ्या अभिमानाने ऐकविले. तेवढ्यात त्याच्या पत्नीने दूरध्वनी घेतला. ती सी. ए. आहे. नमस्कार करून तिने शांतपणे विचारले, "मामाजी, साडेपाचचा स्वयंपाक कोण करतं?"

मी निरुत्तर झालो. साडेपाचला माझे ताट वाढले जाते म्हणजे चारला चूल पेटते. माझी दहा मिनिटांची वाट सुखाची झाली ती घरातील कुणाची तरी दुपार त्या ताटासाठी बांधली गेली म्हणून. आधी माझ्या आईची, मग पत्नीची, आता सुनेची. आणि जेवून मी काय करतो? पुन्हा पेढीवर येऊन रात्री साडेनऊपर्यंत बसतो. लहान गावाने रोजचे दोन तास वाचवून दिले, ते मी गल्ल्यावर खर्चिले. घरातील स्त्रियांच्या वाट्याला त्यातला एकही आला नाही. माझी सूनही वाणिज्य पदवीधर आहे. आठ वर्षे आमच्या पेढीची जी.एस.टी.ची विवरणपत्रे तीच भरते. भागीदारी पत्रात तिचे नाव नाही. नाव घालावे असे कोणी म्हटले नाही, आणि घालू नये असेही कोणी म्हटले नाही. विषयच निघाला नाही.

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत अलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या दुकानदार मुलांना मुली मिळत नाहीत. मुलींना पुणे हवे, बंगळूर हवे. आपण हे मुलींच्या हौसेवर ढकलून मोकळे होतो. हिंगणघाटचा कापूस बाजार अजून गजबजलेला आहे, मुलाचे उत्पन्न पुण्यातील नोकरदाराहून कमी नसते, घर स्वतःचे असते. मग नकार कशाला, असे मीही अनेकदा सात्त्विक संतापाने बोललो आहे. ती मुलगी गावाला नकार देत नसून चार वाजताच्या चुलीला देत असेल, ही शंका मला त्या दूरध्वनीपर्यंत शिवली नव्हती.

घरी हा विषय काढला तेव्हा पत्नी हसली, सून हसली नाही. नियम तर तिचाही आहे आणि तो तिला मोडायचा नाही. संध्याकाळची भाजी मुलांनी आणि मी मिळून सकाळीच चिरून ठेवावी आणि पोळ्यांना बाई लावावी, एवढे तिने सुचविले. मला सुरी नीट धरता येत नाही, हे या वयात कळले. वकिलांकडे भागीदारी पत्राचा मसुदा दिला आहे. धाकट्या चिरंजीवांची सही अद्याप व्हायची आहे आणि त्यांचा चेहरा फारसा प्रसन्न नाही.

भाच्याच्या पत्नीने शेवटी एक काम सांगितले. बजाज चौकाच्या आसपास, पहिल्या मजल्यावर, सी. ए. च्या कार्यालयास पुरेल अशी खोली किती भाड्याने मिळेल, ते पाहून कळवा म्हणाली. येईनच असे तिने म्हटलेले नाही. सोमवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, दोन ठिकाणी विचारून येणार आहे.