सहीचा भाव

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय घरात दोन कामे एकदम निघतात. एक फराळाचे आणि दुसरे कपाटे उपसण्याचे. पहिल्यात पुरुषांना कोणी विचारत नाही. दुसऱ्यात मात्र त्यांच्यावाचून अडते; कारण ठेवावी की टाकावी हे ज्या वस्तूविषयी ठरत नाही, ती हटकून घरातल्या पुरुषाने आणून ठेवलेली असते. आमच्या धुळ्याच्या घरात अशी वस्तू एकच. दादांचे पुस्तकांचे कपाट.

दादा जाऊन आता नऊ वर्षे झाली. यंदा भाद्रपदात वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, गच्ची गळतेय. गवंडी म्हणतो, नव्वद हजारांच्या आत काम व्हायचं नाही. मी म्हणते, ह्यांचं कपाट काढावं. तुम्हाला पुस्तकांतलं कळतं. एकदा येऊन किंमत तेवढी करून द्या."

मला पुस्तकांतले कळते हा आमच्या घरातला जुना गैरसमज आहे. मी जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवले, एवढेच त्याचे मूळ. पण पुस्तक शिकवणे वेगळे आणि पुस्तक विकणे वेगळे. सोन्याच्या बाजारात राहणारा प्रत्येक जळगावकर जसा सराफ नसतो, तसेच हे.

दादा कचेरीत कारकून होते. पगार बेताचा, छंद मात्र जहागिरदाराचा. कुठेही व्याख्यानमाला असो, संमेलन असो, दादा जायचे, एक पुस्तक विकत घ्यायचे आणि लेखकाची सही मिळेपर्यंत रांगेत उभे राहायचे. १९८४ साली शंकरराव खरातांच्या अध्यक्षतेखाली जळगावला साहित्य संमेलन भरले, तेव्हा दादांचा मुक्काम आमच्याकडेच होता. परतताना त्यांच्या पिशवीत पुस्तके इतकी आणि खिशात पैसे इतके कमी, की धुळ्याचे एस.टी.चे तिकीट मी काढून दिले होते. वहिनी कुरकुरल्या की ते म्हणत, "अगं, ही रद्दी नव्हे, ठेव आहे. लेखक गेले की सहीला भाव येतो. माझ्यामागं तुला उपयोगी पडेल."

नवऱ्याच्या अशा वाक्यांना बायका हसतात, पण ती विसरत नाहीत. वहिनींनी हे वाक्य चाळीस वर्षे जपले होते. म्हणून एरंडोल, पारोळा करीत एस.टी. धुळ्याकडे चालली, तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. दादांनी ठेवलेली ही ठेव मोडताना तिचे किती येतील, हे आता मला सांगायचे होते.

घरी पुतण्याने मोजदाद करून ठेवली होती. पुस्तके तीनशे बारा. त्यांतली सहीची चौसष्ट. मोबाईल पुढे करून तो म्हणाला, "काका, हे बघा. बाहेरच्या देशांत सहीचं एकेक पुस्तक लाखांना जातं."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण लाखांना जाते ते कोणते पुस्तक? रवींद्रनाथांची इंग्रजी 'गीतांजली' घ्या. लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१२ साली तिच्या अवघ्या ७५० प्रती छापल्या आणि त्यांतल्या फक्त २५० विक्रीला ठेवल्या. पुढच्याच वर्षी कवीला नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तक साऱ्या जगाला हवे झाले आणि त्या पहिल्या छापाच्या प्रती होत्या तेवढ्याच राहिल्या. किंमत चढते ती अशी. हवे असणारे वाढावेत आणि वस्तू वाढू नये. मराठीत आवृत्ती साधारण हजार-अकराशे प्रतींची निघते. त्या हिशेबाने आपली सगळीच पुस्तके मर्यादित प्रतींची. अडचण एवढीच, की हवे असणारे त्याहूनही मर्यादित!

दुसऱ्या दिवशी पुण्याचे एक जुन्या पुस्तकांचे व्यापारी आले. पुतण्यानेच फोन करून त्यांना बोलावले होते. गृहस्थ साठीचे, मितभाषी. त्यांनी सहीचे पान आधी उघडलेच नाही. प्रत्येक पुस्तक हातात घेतले की ते पहिल्यांदा आवृत्ती, साल आणि मुद्रक छापलेले पान पाहत. मग बांधणी. मग वरचे वेष्टन आहे की नाही ते. आणि सर्वांत शेवटी सही. आम्ही चाळीस वर्षे नेमके उलट्या बाजूने पाहत आलो होतो.

दादांची 'कोसला' त्यांनी हातात घेतली, तेव्हा मी जरा सरसावून बसलो. आपल्या खानदेशातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली. पुढे लेखकाला ज्ञानपीठ मिळाले. दादांच्या प्रतीवर त्यांची सहीही होती. व्यापाऱ्यांनी पान उलटले आणि पुस्तक हलकेच खाली ठेवले. "ही नंतरची आवृत्ती आहे. पहिली असती तर आपण वेगळं बोललो असतो."

"पण सही आहे ना!" पुतण्या म्हणाला.

"सही आहे म्हणून थोडं जास्त देईन. पण सही ही भाजीतल्या कोथिंबिरीसारखी. भाजी चांगली असेल तर चव वाढवते. नुसत्या कोथिंबिरीचं पोट भरत नाही."

मग त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. लेखक जितका लोकप्रिय, तितक्या त्याच्या सह्या जास्त. तो गावोगावी जातो, दुकानात बसतो, समोर येईल त्या पुस्तकावर सही करतो. म्हणजे ज्याची सही घ्यायला आज रांग लागते, त्याची सही उद्या विकायला काढली की गिऱ्हाइकांची रांग लागत नाही. याउलट, लोकांत न मिसळणाऱ्या, कमी लिहिणाऱ्या, लवकर गेलेल्या लेखकाची चार ओळींची चिठ्ठीसुद्धा लोक शोधत येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला संमेलन झाले, तेव्हा ग्रंथप्रदर्शनात मीही तीन पुस्तकांवर सह्या घेतल्या होत्या. त्या माझ्या पिशवीत किती हलक्या झाल्या, हे मी त्या वेळी कोणाला बोललो नाही.

वहिनी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "पण सही खरी की खोटी, हे तुम्ही ओळखता कशावरून?"

प्रश्न लाखमोलाचा होता. २०२२ साली अमेरिकेत बॉब डिलन या जगप्रसिद्ध गायकाचे पुस्तक निघाले. हाताने सही केलेल्या ९०० प्रती म्हणून प्रकाशकाने त्या ५९९ डॉलरला एक अशा विकल्या. सोबत सही अस्सल असल्याचे पत्रही दिले. गिऱ्हाइकांनी प्रती शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तर सह्या एकमेकींशी तंतोतंत जुळू लागल्या. माणसाचा हात दोनदा सारखा चालत नाही; यंत्राचा चालतो. प्रकाशकाला पैसे परत करावे लागले आणि गायकाला माफी मागावी लागली. डिलनसुद्धा नोबेलचे मानकरी, बरे का!

आमच्या धुळ्यात या परीक्षेची परंपरा जुनी आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून समर्थ संप्रदायाची बाडे जमवली. ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. कागद कुठून आला, कोणाच्या घरी होता, हाती कसा लागला, हे नीट नोंदलेले नसेल तर अशा कागदाचे मोल अर्धे उतरते. पुस्तकावरच्या सहीलाही हाच न्याय लागतो.

इथे मात्र दादांनी मान राखली. प्रत्येक सहीखाली गाव आणि तारीख, आणि पुस्तकात त्या दिवसाची दुकानाची पावती. व्यापाऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "हा माणूस व्यवस्थित होता," ते म्हणाले. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग ते हळूच पुढे म्हणाले, "फक्त पावत्या वेगळ्या पाकिटात ठेवायला हव्या होत्या. पानांवर पिवळे डाग पडलेत."

शेवटी हिशेब झाला. चौसष्टांपैकी एकोणीस पुस्तके त्यांनी वेगळी काढली, बाकीची सरसकट. सहीच्या साऱ्या पुस्तकांचे मिळून सात हजार. गच्चीच्या नव्वदांपुढे सात! खोलीत कोणी काही बोलेना.

वहिनी मला आत घेऊन गेल्या. "भाऊजी, ह्यांना कोणी फसवलं होतं का हो?"

"नाही वहिनी. दादांचा हिशेब चुकला, एवढंच. त्यांना वाटलं, आपल्याला जे दुर्मीळ वाटतं ते जगालाही वाटतं."

"आणि सह्या विकणं बरं दिसतं का? शेजारच्या काकू म्हणत होत्या, लेखकाचा आशीर्वाद विकायला काढला."

यावर मात्र माझ्याजवळ उत्तर तयार होते. सहीला उघड भाव लावणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे गांधीजी. हरिजन फंडासाठी ते एका सहीचे पाच रुपये घेत. काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन १९३६ साली आपल्याच फैजपूरला भरले आणि गांधीजी तिथे आले होते. त्या काळचे पाच रुपये म्हणजे थोडे नव्हेत. सही विकण्यात कमीपणा असता तर त्यांनी ती विकली नसती. पैसा कशासाठी, एवढाच प्रश्न. आणि डोक्यावरचे छप्पर हे काही वाईट कारण नव्हे.

आम्ही बाहेर आलो, तो व्यापारी तळाच्या कप्प्यातून एक पुस्तक काढून पाहत होते. आमच्या वडिलांनी त्यावर खाकी कागदाचे कव्हर घातले होते, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. त्यांनी कव्हर अलगद सोडवले. आत मूळ मुखपृष्ठ जसेच्या तसे. 'बहिणाबाईची गाणी', पहिली आवृत्ती, १९५२.

त्यावर सही नव्हती. असणारच नव्हती. असोद्याची ही लेक जळगावच्या चौधरी वाड्यात नांदली, शेतात राबली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिची गाणी इतरांनी उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली, आणि मुलाच्या, सोपानदेवांच्या, धडपडीने पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. बालकवींचेही तेच. धरणगावचा हा मुलगा १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजला आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला. त्याच्या कवितांचा संग्रह मागाहून झाला. खानदेशाच्या या दोन सर्वांत मोठ्या कवींनी स्वतःच्या पुस्तकाच्या एकाही प्रतीवर सही केलेली नाही. कोणी दाखवायला आणली, तर ती खोटी म्हणून खुशाल समजावे.

व्यापाऱ्यांनी त्या एका पुस्तकाचे सात हजार सांगितले. चौसष्ट सह्या एका पारड्यात आणि सही नसलेले एक पुस्तक दुसऱ्यात.

"हे देऊ नका वहिनी," माझ्या तोंडून निघून गेले. "वडिलांचं आहे."

वहिनी हसल्या. "भाऊजी, ही गाणी मला पाठ आहेत. माझ्या आईलाही होती, तिलाही अक्षर येत नव्हतं. ह्या गाण्यांना पुस्तक कशाला लागतंय? द्या त्यांना. जपणाऱ्याच्या हाती पडेल."

मी गप्प बसलो. मराठी शिकवण्यात माझा सारा जन्म गेला, पण हे मला सुचले नव्हते.

मग त्यांनी सहीच्या गठ्ठ्यातून एक पातळ कथासंग्रह ओढून घेतला. "हा मात्र मी देणार नाही." एक नामवंत कथाकार व्याख्यानाला धुळ्याला आले असताना दादा त्यांना घरी घेऊन आले होते. जेवायला भरीत-भाकरी. जाताना त्यांनी पुस्तकावर दादांचे नव्हे, वहिनींचे नाव लिहून सही केली होती.

व्यापारी म्हणाले, "खुशाल ठेवा. खरं सांगायचं तर नाव घालून दिलेल्या प्रतीला आम्ही कमीच देतो. ज्याचं नाव, तो माणूस प्रसिद्ध असेल तरच भाव वाढतो."

"म्हणजे माझ्या नावानं पुस्तकाची किंमत उतरली म्हणा की!" वहिनी म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा सगळे घर हसले.

पाकिटात चौदा हजार आले. उरलेले पुतण्याने आणि मी वाटून घेतले, दादांच्या एस.टी.च्या तिकिटाचा अनुभव मला होताच. गच्चीचे काम नवरात्राच्या आत झाले. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे कपाट असेल, तर त्यांनी आवृत्तीचे पान आधी पाहावे, खाकी कव्हर सोडवून पाहावे, पावती वेगळी ठेवावी, आणि पुस्तकावरचे नाव खोडू मात्र नये. या दिवाळीला मी पुन्हा धुळ्याला जाणार आहे. कपाटात आता चकल्यांचे डबे आहेत, आणि वरच्या कप्प्यात एकच पुस्तक.