चौक पुरून टाकणं म्हणजे अहिंसा नव्हे



दहिसरमध्ये सध्या एक साथ आली आहे. जुन्या सोसायटीत दोन इमारतींच्या मधे मातीचा चौक उरलेला दिसला की कमिटीचे हात शिवशिवतात. मग कंत्राटदार येतो आणि मोबाइलवर फोटो दाखवतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, मधे प्लास्टिकचं हिरवं गवत, कोपऱ्यात फायबरचा धबधबा आणि चार कुंड्यांत गोल कापलेली फायकसची झाडं. त्याच्या भाषेत हे ‘लँडस्केपिंग’. बाकीच्या जागेत तीन-चार गाड्या बसतात, म्हणून पुरुष मंडळीही खूश.

आमच्या सोसायटीतही हा प्रस्ताव आला आहे. कंत्राटदाराचं मला नवल वाटत नाही, त्याचा तो धंदाच आहे. नवल वाटतं ते आपल्याच बायकांचं. “माती म्हटली की जीव आले. खणलं की हिंसा, छाटलं की हिंसा, पावसाळ्यात शेवाळ. त्यापेक्षा सगळं फरशीबंद करून टाका, पाप तरी लागणार नाही,” असं म्हणत त्या या प्रस्तावाला हात वर करतात. मला हे मुळीच पटत नाही. धर्माच्या नावानं चाललेला हा आळस आहे, आणि तो आपल्या जुन्या इमारतींच्या मुळावर येणार आहे.

आधी धर्माचंच पाहू. श्रावकाला हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगितले. संकल्पी हिंसा सोडायची आणि बाकीची जमेल तितकी कमी करायची, असा गृहस्थाचा मार्ग. त्यातच अनर्थदंडव्रत येतं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार आहेत, त्यांतला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं हे सगळं त्यात मोडतं. आता सांगा, बाग केली तर चार खड्डे खणले जातात, आणि पेव्हर बसवायचे तर अख्खा चौक उकरून, ठोकून, वर काँक्रीट ओततात. पृथ्वीकायाची विराधना कशात जास्त? सिमेंट तयार होतं ते सुमारे १४५० अंशांच्या भट्टीत, वाळू येते ती नदीचं पात्र किंवा डोंगराची खाण खरवडून. ते आपल्या दारात घडत नाही म्हणून आपल्या हिशेबात धरायचं नाही का?

आता शेवाळाचा मुद्दा. शेवाळात अनंत जीव, त्यावर पाय पडू नये, ही काळजी अगदी योग्य. पण शेवाळ येतं कुठे ते एकदा पावसाळ्यात खाली उतरून बघा. काँक्रीटवर बसवलेल्या ब्लॉकच्या फटींत पाणी साचतं आणि ऊन न लागणाऱ्या कोपऱ्यात पंधरा दिवसांत हिरवा थर चढतो. मग कुणी आजी घसरते, आणि वॉचमनला ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर ओतायला सांगितलं जातं. ही मात्र जाणूनबुजून केलेली, ठरवून केलेली हिंसा झाली. माती पाणी पिते. वाळलेल्या पानांनी झाकलेल्या, निचरा होणाऱ्या जमिनीवर पाणी उभं राहत नाही, आणि साचलेलं पाणी नसलं की डासांनाही अंडी घालायला जागा मिळत नाही.

आता इमारतीकडे वळू. दहिसर पश्चिमेला विमानतळ प्राधिकरणाच्या केंद्रामुळे आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर बंधनं आली आणि कितीतरी जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास अडकून पडला. त्यामुळे तीन-चार मजली जुन्या इमारतींमध्ये आपल्याला अजून काही वर्षं काढायची आहेत, असं धरूनच चालावं. अशा इमारतीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पायाशी मुरणारं पाणी.

साधा हिशेब करा. आपला चौक १,००० चौरस फुटांचा धरू. दिवसभरात २०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईत असा दिवस नवलाचा नाही, तर एवढ्याशा चौकात १८,५०० लिटर पाणी पडतं. गच्चीवरून पन्हळीतून येणारं पाणी वेगळंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तो आकडा मी मुद्दामच धरत नाही. माती असली तर यातलं बरंच पाणी ती मुरवते आणि उरलेलं सावकाश सोडते. सगळं फरशीबंद केलं तर ते सगळं एकाच वेळी गटाराकडे धावतं, आणि गटार तुंबलं की उलट फिरून तळमजल्याच्या उंबऱ्याशी येतं. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मधून तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी. अशा गावात राहून पाण्याची वाट बंद करायची म्हणजे कमालच झाली!

दुसरी गोष्ट पातळीची. पेव्हर बसवताना जुनं काढून खाली जाण्याचे कष्ट कुणी घेत नाही. आहे त्याच्यावर थर चढतो आणि चौक दर वेळी चार-सहा इंच वर येतो. बाहेरचा रस्ताही असाच वर आलेला असतो. बघता बघता जोतं जमिनीत गेलेलं असतं. मग भिंतीत ओल चढते, लोणा लागतो, पोपडे पडतात, आणि तळमजल्याच्या काकू दर दिवाळीला रंग काढत बसतात. तो रंग कितीही महाग असो, टिकत नाही, कारण दुखणं भिंतीत नसून चौकात असतं.

“मग बाग गच्चीवर करू, चौक गाड्यांना देऊ” हा कमिटीचा तोडगाही मी ऐकला. एक फूट जाडीच्या ओल्या मातीचं वजन दर चौरस मीटरला साधारण ५०० किलो भरतं. भारतीय मानकांत वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला भार साधारण १५० किलोचा. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर एवढी माती चढवायची आणि खाली मुलांना झोपवायचं? मला तरी ती झोप लागणार नाही.

मग जुन्या इमारतीला शोभेल अशी बाग कशी असावी? याचं उत्तर आपल्या जुन्या वाड्यांनी देऊन ठेवलं आहे. वाड्याचा चौक सोप्यापेक्षा खाली असे. कडेला दगडी फरसबंदी, पाण्याला उतार आणि मोरी, तुळस मोकळ्या उजेडात. भिंतीला टेकून माती कधीच नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या जुन्या घरांत झाडंझुडपं मागच्या परड्यात, न्हाणीच्या पाण्यावर वाढत. वेरूळला गेलात तर ३२ क्रमांकाच्या लेण्यात, इंद्रसभेत, चौकात थोडा वेळ उभ्या राहा. मधे एकाच दगडातलं मंदिर, एका बाजूला मानस्तंभ, एका बाजूला हत्ती. एवढ्या थोड्या जागेतही प्रत्येकाला मोकळीक आहे, कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. चौक भरून काढायचा नसतो, हे त्या कारागिरांना कळत होतं.

हेच आपल्या चौकाला लावू. इमारतीच्या चारी बाजूंनी तीन फूट दगडी पट्टा ठेवायचा, त्याचा उतार भिंतीपासून दूर, चौकाकडे. दगड सिमेंटमध्ये न बसवता वाळूवर बसवायचे, म्हणजे उद्या पाइप दुरुस्तीला काढून परत लावता येतात. मधला भाग मातीचा, आणि ती माती कडेच्या दगडापेक्षा तीन-चार इंच खाली, जोत्यापेक्षा निदान वीतभर खाली. जास्तीच्या पाण्यासाठी गटाराकडे जाणारी एक उघडी नाली. जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे ते आधी पाहून तिच्याजवळ खणायचं नाही.

झाडांची निवड हा खरा कळीचा भाग. कंत्राटदार जे फायकस आणतो, ते वड-पिंपळाच्याच कुळातलं. आज कुंडीत गोजिरवाणं दिसतं, उद्या जमिनीत लावलं की मुळं ड्रेनेजच्या पाइपात आणि जोत्यात. वड-पिंपळ-उंबराची फळं आपण खात नाही, पण त्या झाडांबद्दल आपल्याला आदरच आहे. भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झालं ते वटवृक्षाखाली. म्हणूनच त्यांना नदीकाठी, मैदानात, त्यांच्या मापाची जागा द्यावी, पंचवीस फुटांच्या चौकात त्यांना कोंडू नये. आणि पिंपळाचं रोप भिंतीच्या फटीत उगवलं तर ते बोटभर असतानाच अलगद काढून दुसरीकडे लावावं. पाच वर्षं “राहू दे, जीव आहे” म्हणायचं आणि मग भिंत फुटल्यावर करवत चालवायची, यात कसली दया?

मधोमध एकच झाड लावायचं तर मी म्हणेन, सीताअशोक. कंपाउंडला रांगेत उभा असतो तो उंच खोटा अशोक नव्हे, खरा अशोक. तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत ज्याचं नाव पहिलं येतं, तो. हळू वाढतो, आटोक्यात राहतो, अर्धी सावली त्याला चालते, आणि वसंतात केशरी फुलांचे घोस थेट फांद्यांवर येतात. त्याच्याभोवती अनंत, तगर, कुंद, एखादा पारिजातक, अडुळसा, तुळस. जाई-जुईला तारेचा मांडव, भिंत नव्हे. पूजेला सचित्त फुलं वाहावीत की नाही यावर आपल्यात दोन मतं आहेत, त्या वादात मी शिरत नाही. झाडाखाली गळालेला पारिजातकाचा सडा दोन्ही मतांच्या बायकांना सारखाच आवडतो, एवढं मला माहीत आहे.

हिरवळ नको, कारण अशा चौकात ऊन कमी, ती जगत नाही, आणि जगवायला रोज पाणी आणि औषधं लागतात. प्लास्टिकचं गवत तर नकोच. ते उन्हात तापतं, घाण धरून ठेवतं आणि काही वर्षांनी कचरा होऊन बाहेर पडतं. कीटकनाशक वर्ज्य. खणायचं काम वैशाख-ज्येष्ठात उरकायचं, पहिल्या पावसाबरोबर रोपं लावायची, आणि चातुर्मास लागला की कुदळ-कात्री बंद. वाळलेली पानं जाळायची नाहीत, झाडांच्या बुंध्याशी पसरायची. एवढी शिस्त पाळली तर आपल्या व्रतांना धक्का लागत नाही.

“साप येतील” अशी भीतीही दाखवली जाते. नॅशनल पार्क शेजारी असताना साप कधीमधी दिसणारच. पण तो येतो उंदरांच्या मागे, आणि उंदीर येतात उघड्या कचऱ्यामागे. कचऱ्याचे डबे झाकून ठेवा, झुडपं दाट होऊ देऊ नका, काम झालं.

आता कायद्याचं. चौकातलं उभं झाड कमिटीला वाटलं म्हणून तोडता येत नाही. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. बुंध्यापर्यंत काँक्रीट भरून झाड हळूहळू मारणं ही पळवाट. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते उगाच नव्हे.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. सोसायटीची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती ऑगस्ट-सप्टेंबरात, रात्री साडेनवाला असते. म्हणजे नेमकं आपलं दशलक्षण पर्व. आपण मंदिरात असतो, उपास असतो, आणि चौकाचा निर्णय आपल्यावाचून होतो. पापड वाळवतो आपण, मुलांना खेळवतो आपण, संध्याकाळी सासूबाईंना खाली बसवतो आपण, आणि मत देतात ज्यांना तिथे फक्त गाडी दिसते. म्हणून सभेची वाट न पाहता आत्ताच, फ्लॅट ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या सहीनं पत्र द्या. चौकाचा विषय पर्वाआधी वेगळ्या सभेत, संध्याकाळच्या जेवणाआधी घ्यावा, एवढीच मागणी करा. आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांच्या सह्या मी घेतल्या आहेत, अजून सात हव्यात.

जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात, असं तत्त्वार्थसूत्र शिकवतं. झाड, माती, पाणी आणि आपली ही जुनी इमारत यांचा हिशेब त्यापेक्षा वेगळा नाही. तुमच्या सोसायटीत चौक अजून उघडा असेल तर या आठवड्यातच पत्र लिहा.

जय जिनेंद्र.