गादी जन्माची, राज्य कर्तृत्वाचे : धारूरच्या किल्ल्यावरून काही प्रश्न

मागे एका रविवारी वस्तीतली सातवी-आठवीची पोरे घेऊन धारूरच्या किल्ल्यावर गेलो होतो. तीन बाजूंनी दरी, गावाच्या बाजूने खंदक. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "काका, हा किल्ला कोणत्या राजाचा?" मी काही बोलायच्या आत बाजूने जाणारे एक गृहस्थ म्हणाले, "मुसलमानांचा आहे. आपला नाही." आमच्याबरोबर आलेला कॉलेजचा एक कार्यकर्ता लगेच उसळला, "मलिक अंबर बहुजनांचा राजा होता. किल्ला आपलाच!"

दोघेही चुकले. पहिल्याची चूक जुनी आहे आणि ती पसरवणाऱ्यांची कमाई त्यावरच चालते. दुसऱ्याची चूक आपल्या घरातली आहे, म्हणून ती जास्त महत्त्वाची. या लेखात दोघांनाही उत्तर द्यायचे आहे.

आधी पहिल्याचा समाचार घेऊ. धारूरचा किल्ला विजापूरच्या अली आदिलशहाच्या काळात किश्वरखान या सरदाराने बांधला. तो बांधला कोणाच्या विरोधात? कोणा हिंदू राजाच्या नव्हे, अहमदनगरच्या निजामशहाच्या. 1565 साली तालिकोटच्या लढाईत आदिलशहा आणि निजामशहा खांद्याला खांदा लावून विजयनगरशी लढले होते. त्यानंतर दोन-चार वर्षांतच हेच दोघे धारूरवर एकमेकांच्या जिवावर उठले. धर्म एक, मग भांडण कशाचे? महसुलाचे, मुलखाचे आणि गादीचे. राजांच्या लढाया धर्माच्या होत्या असे शिकवणाऱ्यांनी धारूरचे एवढे एक कोडे सोडवून दाखवावे.

आता त्या गादीकडे बघू. तालिकोटच्या विजयानंतर काही महिन्यांतच हुसेन निजामशहा मेला आणि त्याचा अल्पवयीन मुलगा मुर्तजा गादीवर आला. कारभार त्याची आई खुंजा हुमायून बघत होती. पुढे मुर्तजाने आईलाच कैद करून सत्ता हातात घेतली. नव्या राजाला आपण राजे आहोत हे दरबाराला दाखवायचे असते, आणि त्यासाठी त्याला एक विजय लागतो. मुर्तजाने तो धारूरवर मिळवला. किश्वरखान बाण लागून मेला, किल्ला निजामशाहीत गेला. आईला तुरुंगात टाकून आणि शेजाऱ्याचा किल्ला घेऊन नवा राजा गादीवर पक्का बसला.

पण पक्का म्हणजे किती? मुर्तजाचा खरा आधार होता त्याचा पेशवा चंगेजखान. याच्या कर्तबगारीवर 1574 साली वऱ्हाड निजामशाहीला मिळाले. राजाचे कान कोणीतरी भरले आणि राजाने याच पेशव्यावर विषप्रयोग करवला. नंतर मुर्तजा पश्चात्तापाने एकांतात गेला, लोक त्याला दिवाणा म्हणू लागले. 1588 साली त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, त्याला ठार केले. पुढच्याच वर्षी तो मुलगाही मारला गेला. जन्माने मिळालेली गादी जन्म दिलेल्या मुलानेच घेतली. वंशपरंपरेत स्थैर्य असते, असे सांगणाऱ्या पंडितांना हा हिशेब विचारा.

चंगेजखानाने मागे काय ठेवले? त्याने विकत घेतलेल्या हबशी गुलामांपैकी एकाचे नाव होते अंबर. आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मलेला हा मुलगा बाजारातून बाजारात विकला जात बगदादमार्गे दख्खनला आला. धनी मेल्यावर तो मुक्त झाला. काही काळ विजापूरकडे राहिला, मग दीडशे स्वारांचा छोटा सरदार म्हणून निजामशाहीत परतला. 1600 साली अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतले. छोट्या सुलतानाला कैद करून ग्वाल्हेरला नेले. गादी संपली, दरबार पळाला. त्या वेळी ज्या माणसाने मोडलेले राज्य उचलले, तो राजाने विष देऊन मारलेल्या पेशव्याचा एके काळचा गुलाम होता. राजाने लायकी मारली, आणि त्याच लायकीच्या सावलीत वाढलेल्या माणसाने त्याचे राज्य वाचवले.

कसे वाचवले, हे नीट पाहा. अंबरने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून आणला, आपल्या धारूरहून फार लांब नसलेल्या परंड्याच्या किल्ल्यात त्याला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. गादी अशी उभी केल्यावर त्याने राज्य उभे केले. मुघलांसारखी मोठी फौज पोसणे शक्य नव्हते, म्हणून त्याने हलक्या मराठा स्वारांवर भर दिला. रसद तोडायची, छावणीला हैराण करायचे, समोरासमोर लढाई टाळायची. 1616 साली जालन्याजवळ रोशनगावला तो हरला, मुघलांनी त्याची खडकी जाळली. तो पुन्हा उभा राहिला. 1624 साली भातवडीला मुघल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेचा त्याने पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. शिवरायांच्या गनिमी काव्याची पाठशाळा कोणती, हे शोधायला लांब जायला नको.

पण राज्य लढाईवर चालत नाही, धाऱ्यावर चालते. अंबरने महसुलाचा मक्ता देण्याची पद्धत मोडली. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरायचा आणि रयतेकडून वाटेल तेवढी काढायचा. त्याऐवजी जमिनीचा कस आणि पीक पाहून धारा ठरवायला सुरुवात झाली. आधी तो धान्यात, पुढे रोखीत. या पद्धतीचे नाव 'मलिकंबरी' म्हणून मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. 1610 साली त्याने खडकी वसवली आणि जमिनीखालून मैलोगणती नळ टाकून नहर-ए-अंबरीने शहराला पाणी दिले. 1626 साली तो मेला, तेव्हा ज्या जहांगीरने आयुष्यभर आपल्या आठवणींत त्याला त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या घातल्या, त्याच्याच दरबारातल्या इतिहासकाराला अंबरच्या कारभाराची स्तुती करावी लागली. जहांगीरने तर आपण अंबरच्या कापलेल्या डोक्यावर बाण मारतो आहोत असे चित्र काढून घेतले होते. रणात जे जमले नाही ते कागदावर उरकले.

आता आपल्या तरुण कार्यकर्त्याकडे वळतो. मित्रा, मलिक अंबर राजा नव्हता. फौज त्याची, खजिना त्याचा, शहाणपण त्याचे. गादी मात्र त्याची नव्हती. पंचवीस वर्षे राज्य चालवणाऱ्या माणसाला खुत्बा आणि नाणे दुसऱ्याच्या नावाने चालवावे लागले. का? कारण गादी लायकी विचारत नव्हती, बाप विचारत होती. ज्याला बापाच्या नावाने कोणी ओळखत नव्हते, ज्याला विकत घेतले होते, त्याच्या माथ्यावर मुकुट ठेवायला तो काळ तयार नव्हता. सुलतानाच्या पहिल्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, असे पीटर व्हॅन डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. राज्य ज्याच्या जोरावर चालते त्याच्या लेकीला राजवाड्यात हे ऐकावे लागले. त्यानंतर सुलतान विषाने मेला आणि त्याच्या लहान मुलाला गादीवर बसवले गेले. अंबरने केले ते समर्थनीय नाही. पण या टोमण्याची जात आपण ओळखतो. शिक, अधिकारी हो, राज्य चालव. शेवटी तुझा जन्म काढलाच जाणार.

म्हणून त्याला 'आपला राजा' करून पोस्टरवर चढवू नका. त्याचे मोठेपण गादीच्या बाजूचा पुरावा नाही, गादीच्या विरोधातला पुरावा आहे.

आणखी एक कडू गोष्ट. अंबरने धारा सुधारला, पण तो वसूल कोणामार्फत केला? देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या जुन्याच वतनी साखळीतून. त्या साखळीच्या तळाशी गावकुसाबाहेरचा महार होता. शिवेच्या भांडणात साक्ष त्याची, सरकारी खजिना वाहायचा त्याने, रात्रीची राखण त्याची, आणि मोबदला म्हणून बलुत्याचे दाणे. गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस राज्य चालवत होता, पण गावातली गुलामी जिथल्या तिथे होती. हा दोष एका अंबरचा नाही. गादी सुरक्षित ठेवायची तर गाव शांत हवे, आणि गाव शांत हवे तर उतरंड हलवायची नाही. हे गणित प्रत्येक राजाने पाळले, त्याचा धर्म कोणताही असो.

याचा पुरावा त्याच अंबरच्या दौलताबादेत मिळतो. 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. दाराशी पाण्याने भरलेला हौद होता. प्रवासाने धुळीने माखलेल्या काही जणांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवले म्हणून तिथल्या मुसलमानांनी शिव्या दिल्या. बाबासाहेबांनी विचारले, तुमचा धर्म हे शिकवतो का? शेवटी किल्ल्यात सोडले, पण पाण्याला हात लावू नये म्हणून हत्यारी शिपाई बरोबर देऊन. तिथून काही मैलांवर ज्याने आख्ख्या शहराला पाणी आणले, त्या अंबरच्या किल्ल्यात ही अवस्था! राजा चांगला होता की वाईट, हा प्रश्नच मग अपुरा ठरतो. चांगला राजा मेला की त्याच्याबरोबर त्याचा चांगुलपणाही मरतो. अंबरनंतर सात वर्षांत, 1633 साली, दौलताबाद मुघलांनी घेतले. व्यक्तीवर उभे राहिलेले राज्य व्यक्तीबरोबर जाते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता : राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. कोणी कितीही मोठा असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. आपण काय केले? धारूरपासून मुंबईपर्यंत बघा. कारखाना बापाकडून मुलाकडे, शिक्षणसंस्था सासऱ्याकडून सुनेकडे, तिकीट काकाकडून पुतण्याकडे. वाढदिवसाच्या फलकावर 'राजे', 'साहेब', 'भावी'. त्याच फलकाखालून दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरात पोरेबाळे, भांडीकुंडी घालून निघतात. कोयता मात्र फलकावरच्या कोणाच्याही घरात वारशाने जात नाही. तो आपल्याच घरात जातो.

किल्ल्यावरून उतरताना पोरांना एवढेच सांगितले : हा किल्ला बांधणाऱ्या सुलतानाचाही नाही, घेणाऱ्याचाही नाही. तो दगड फोडणाऱ्यांचा, पाणी वाहणाऱ्यांचा आहे, आणि त्यांची नावे कुठल्याही शिलालेखात नाहीत. आज तुमच्या हातात मत आहे, वही आहे आणि संविधान आहे. अंबरकडे यांतले काही नव्हते, तरी त्याने राज्य चालवून दाखवले. तुम्हाला कोणाला गादीवर बसवायची गरज नाही. गादीच उचलून टाकायची आहे.

परतताना एका पोराने विचारले, "काका, मग आपला राजा कोण?" मी म्हणालो, "कोणीच नाही. म्हणून तर आपण माणसे आहोत."

जय भीम. जय संविधान.