खोलीचं भाडं घेतो, मग भाडेकरू गावात धरायचे की नाही?

अंबरनाथ एमआयडीसीच्या आजूबाजूला शेतापेक्षा चाळीचं उत्पन्न भरवशाचं झालंय. हे कोणी उघड बोलत नसलं तरी सगळ्यांना माहीत आहे. भात वर्षातून एकदा येतो, आणि परतीच्या पावसाने लोळवला तर तोही हातचा जातो. खोलीचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला येतं. म्हणून पाले, जांभिवली, चिखलोली, मोरिवली या पट्ट्यात पाच खोल्या, दहा खोल्या अशा चाळी उभ्या राहिल्या. यातला काही भाग नगरपालिकेत गेला, आजूबाजूची काही गावं अजून ग्रामपंचायतीत आहेत. चित्र दोन्हीकडे तेच.

पूर्वी या खोल्यांत एकटे पुरुष राहायचे. एका खोलीत सहा-सात जण, पाळीप्रमाणे झोपायचे आणि होळीला गावी जायचे. आता बायका-पोरांसकट कुटुंबं येतात. कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून, कोणी नांदेड-परभणी-बुलढाण्याकडून. कल्याणला गाडीतून उतरायचं, लोकलने अंबरनाथ, तिथून रिक्षा. सोबत दोन पिशव्या, गॅसची छोटी शेगडी आणि ओळखीच्या माणसाचा मोबाइल नंबर.

हे लोक पाहुणे आहेत असं समजून आपण गावाचा कारभार चालवतोय. यात त्यांचं नुकसान आहेच, पण गावाचंही आहे, आणि ते कमी नाही.

आकडे काय सांगतात

२००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती. २०११ ला ती १,७४,२२६ झाली. अंबरनाथ शहर त्याच दहा वर्षांत दोन लाखांवरून अडीच लाखांवर गेलं. नुसत्या जन्माने लोकसंख्या एवढी वाढत नाही, माणसं बाहेरून आली. आणि हा आकडाही आता जुना आहे, कारण २०२१ ला व्हायची जनगणना झालीच नाही. त्यानंतर जे आले ते सरकारच्या कुठल्याही मोजणीत नाहीत.

नवीन कुटुंबाला काय अडतं

एक साधारण कुटुंब धरा. नवरा ठेकेदारामार्फत कंपनीत, बारा तास. बायको दिवसभर खोलीत. दोन पोरं, एक सहा वर्षांचा, एक दहाचा. पहिल्या महिन्यात पाण्याची वेळ कळत नाही, बोअरवर कोणाचा नंबर आधी हे कळत नाही. पहिला पाऊस पडला की आपल्याकडचा पाऊस काय असतो ते कळतं. भाषा तर घरातल्या बाईलाच सगळ्यात जड जाते, कारण दुकान, नळ, अंगणवाडी, दवाखाना हे सगळं तिच्याच वाट्याला येतं. नांदेडहून आलेल्या बाईलासुद्धा इथली आगरी बोली पहिले काही दिवस समजत नाही.

हे सगळं सहा महिन्यांत जमतं. जमत नाही ते एकच: पत्त्याचा कागद. बँकेत जा, गॅसवाल्याकडे जा, मतदार नोंदणीला जा, पहिला प्रश्न तोच, इथे राहता याचा पुरावा काय? आणि तो देऊ शकतो फक्त घरमालक. म्हणजे आपणच.

उल्हासनगरचं उदाहरण जवळच आहे

बाहेरून आलेली माणसं आपल्या भागाला नवीन नाहीत. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. त्या लोकांना इथली भाषा येत नव्हती, हवा मानवत नव्हती, घरदार मागे राहिलं होतं. तरी ते रुजले, धंद्यात उभे राहिले, आणि आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला त्यांच्याच बाजारात जातो.

त्यांच्या कष्टाचं श्रेय त्यांचंच. पण एक गोष्ट त्यांना सुरुवातीपासून मिळाली होती, ती म्हणजे पत्ता. कॅम्प नंबर अमुक, बराक नंबर तमुक. आजही उल्हासनगरात लोक तसाच पत्ता सांगतात. आपल्या चाळीत दहा वर्षं राहिलेल्या माणसाला मात्र पत्ता विचारला तर तो सांगतो, "शेठच्या चाळीत, टाकीच्या मागे."

घरमालक कागद का देत नाही

यामागे दोन भीती आहेत. पहिली म्हणजे "कूळ लागेल". आपल्या आजोबांच्या काळात १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमिनी गेल्या. ती आठवण घराघरात आहे. पण तो कायदा शेतजमिनीचा. चाळीतल्या खोलीत राहणाऱ्याला त्याने कूळ लागत नाही.

उलट कागद नसेल तर मालकच अडकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा मुख्यतः शहरी हद्दीत लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी करून नोंदवायचा, आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल, तर मुदत संपल्यावर खोली परत मिळवायचा सरळ रस्ता कलम २४ मध्ये आहे. खाली केली नाही तर दुप्पट भाडं भरावं लागतं. ग्रामपंचायत हद्दीतसुद्धा तोंडी व्यवहारापेक्षा नोंदवलेला कागद मालकाच्याच हिताचा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे. अकरा महिन्यांचं भाडं तेहतीस हजार झालं तर हिशेब शंभराच्या आत येतो. नोंदणी फी आणि एजंटचे पैसे वेगळे, पण तेही एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त व्हायचं कारण नाही.

दुसरी भीती खरी आहे. बऱ्याच चाळी बिनशेती न करता शेतजमिनीवर बांधल्यात. करार केला तर खोली कागदावर येईल, मग नोटीस येईल, असं वाटतं. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हेही खरं. हा प्रश्न मोठा आहे आणि तो सरकारनेच सोडवायला हवा. पण त्याची किंमत भाडेकरूच्या पोरांनी का मोजायची?

शाळा कोणामुळे चालू आहे

आपली स्वतःची पोरं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण बसतं ते एकदा जाऊन बघा. बाहेरून आलेल्या कामगारांची पोरं निघाली तर कित्येक वर्ग रिकामे होतील.

याचा हिशेब सरळ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं प्रमाण दिलंय. पट घसरला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की उरलेली पोरंही जातात. म्हणजे भाडेकरूचं एकेक पोर आपल्या गावच्या शाळेला धरून आहे.

तरी प्रवेशाला "दाखला आणा, जन्माचा पुरावा आणा" म्हणून पालकाला परत पाठवलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायचा, हे कायद्यातच आहे. आणि मराठी? ती पोरं वर्षभरात शिकतात, मग तीच आईला दुकानात बोलायला शिकवतात.

रेशन आणि दवाखाना, ज्याला पत्ता लागत नाही

काही हक्क पत्ता न बदलताही मिळतात, पण त्या कुटुंबाला ते कोणी सांगत नाही.

"एक देश एक रेशन कार्ड" महाराष्ट्रात जानेवारी २०२० पासून इतर राज्यांशी जोडलेलं आहे. बिहारचं किंवा उत्तर प्रदेशचं अन्न सुरक्षेचं कार्ड असेल आणि आधार जोडलेला असेल, तर इथल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो. घरातले काही गावी, काही इथे असतील तर वाटा वाटून दोन्हीकडे उचलता येतो. नांदेड-परभणीचं कार्डही असंच इथे चालतं. दुकानदार नाही म्हणाला तर १४४४५ हा मदतीचा नंबर आहे.

दुसरं ईएसआयसी. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर कारखान्यातल्या ठेक्याच्या कामगारालाही ते लागू होतं. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्का आणि मालकाकडून ३.२५ टक्के भरायचे असतात. त्यात बायको-पोरांचा उपचारही येतो, आणि उल्हासनगरला कामगार विमा रुग्णालय आहे. पगाराच्या पावतीवर हे कापलेलं दिसतं का, एवढं जरी त्या माणसाला कोणी बघायला सांगितलं तरी खूप झालं.

मताचा प्रश्न टाळून चालणार नाही

गावात खरी धास्ती इथे आहे. भाडेकरूंची नावं यादीत आली तर उद्या सरपंच कोण ठरवणार? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. निवडणुकीच्या तोंडावर गठ्ठ्याने नावं घुसवायचे प्रकार होऊ शकतात, त्यावर हरकत घ्यायलाच हवी.

पण कायद्यात मतदार होण्याची कसोटी "सर्वसाधारण रहिवासी" ही आहे, म्हणजे माणूस खरोखर कुठे राहतो ती. १९५० च्या कायद्याप्रमाणे नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. ही कसोटी भाडेकरूला लागते, तशी बदलापूरला फ्लॅटमध्ये राहून गावात फक्त मतदानाला येणाऱ्यालाही लागते. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी हवं. राहण्याची जागा बदलली असेल तर अर्ज क्रमांक ८ भरायचा.

आणि एक बघा. ग्रामसभेत बसायला गावच्या मतदार यादीत नाव लागतं. ज्याचं नाव नाही तो कचऱ्याबद्दल, पाण्याबद्दल बोलू शकत नाही. मग तो कचरा कुठेही टाकतो आणि आपण म्हणतो, यांना गावाचं काही पडलेलं नाही.

मोजणीत आले नाहीत तर गाव मागे पडेल

आता सगळ्यात तातडीचा मुद्दा. जनगणना २०२७ मध्ये घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असा ठरवलेला आहे, आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. मतदार असावं लागत नाही, भाडेकरार लागत नाही, घर कोणाचं हेही बघत नाहीत.

पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे २०११ ची लोकसंख्या धरून आले. जलजीवनची नळयोजना माणशी रोज ५५ लिटर या हिशेबाने आखतात. कागदावर माणसं कमी आणि चाळीत जास्त, तर तेच पाणी सगळ्यांत वाटलं जाणार. उन्हाळ्यात नळावर भांडण होतं तेव्हा "यांच्यामुळे पाणी पुरत नाही" म्हणतो. पुरत नाही हे बरोबर, पण त्यांना मोजलंच नाही हे त्याचं एक मोठं कारण आहे.

काही मालक मोजणीच्या वेळी खोल्या लपवतात किंवा भाडेकरूंना "गावी गेलोय म्हणून सांगा" असं शिकवतात. तसं करायची गरज नाही. जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ प्रमाणे ही माहिती गुप्त असते आणि पुरावा म्हणून वापरता येत नाही. मोजणीच्या कागदावरून कोणाच्या चाळीला नोटीस निघू शकत नाही.

तेव्हा १५ ऑगस्ट असो की २ ऑक्टोबर, पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव तरी घ्यायला हरकत नाही. चाळमालकांनी लेखी करार करून पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. शाळेने जून उजाडायची वाट न बघता चाळीत फिरून पोरं दाखल करावीत. आणि मोजणीला येणाऱ्या शिक्षकासोबत गावातला एक माणूस द्यावा, म्हणजे टाकीच्या मागची एकही खोली सुटणार नाही.