मधली पायरी

जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. तिकीट मिळालं नाही म्हणून आमच्या इमारतीतल्या एका घरात दोन दिवस सुतकासारखी शांतता होती. त्याच सुमाराला एका शनिवारी मी लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका छोट्या जागेत, भाच्याचा रॉक बँड ऐकायला गेलो. माणसं ६३. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात वादकांचे नातेवाईक अकरा, मला धरून.

"मामा, कानात कापूस घालून या," असं त्याने आधीच बजावलं होतं. पहिली दोन गाणी मला कापसातूनही सोसली नाहीत. तिसरं मात्र लक्षात राहिलं. शेवटची लोकल चुकलेल्या माणसाचं ते गाणं पोरांनी स्वतः लिहिलं होतं, डोंबिवलीच्या हिंदीत.

नंतर वडापाव खाताना मी हिशेब मागितला. तिकीट ४०० रुपये, आम्हा नातेवाइकांनाही माफी नाही, हे मला आवडलं. गल्ला २५,२०० रुपये. अर्धा जागेच्या मालकाचा. उरलेल्या १२,६०० मधून ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याचे ४,०००, सरावाच्या खोलीचं भाडं ३,२००, सामानासह डोंबिवलीहून येण्याजाण्याचे २,६००. राहिले २,८००, वाटेकरी चौघं. म्हणजे माणशी सातशे. भाचा बेस गिटार वाजवतो. तिच्या तारांचा चांगला संच याहून महाग पडतो म्हणे.

असा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी काय शेरा मारला असता हे सांगायला नको. तारण काय, तर जुनी गिटार. जामीनदार कोण, तर मामा. पण माझी तक्रार तोट्याबद्दल नाही. नवशिक्याने तोटा सोसावा, रीतच आहे ती. प्रश्न असा की त्रेसष्ट श्रोत्यांनंतर या मुलांनी सहाशे श्रोत्यांसमोर कुठे उभं राहायचं?

एके काळी मुंबईत याला उत्तर होतं. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजला लागून रंगभवन हे खुलं नाट्यगृह. १९७८ पासूनच्या 'जॅझ यात्रे'तले जगातले नामांकित वादक तिथे वाजवून गेले. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केलं आणि रंगभवन हे त्याचं घर झालं. मी तेव्हा फोर्टमधल्या शाखेत होतो. संध्याकाळी चर्चगेटऐवजी मुद्दाम धोबीतलावावरून गेलं की काळे बनियन घातलेली, केस वाढवलेली मुलं रांगेत दिसायची. ही पिढी वाया गेली असं आम्ही शाखेत एकमताने ठरवून टाकलं होतं. त्यातले काही आज निवृत्त बँक अधिकारी असतील.

तेव्हाचे बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवत, आणि श्रोत्यांनाही तीच हवी असत. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'रॉक मशीन'ने १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढला. १९९३ मध्ये याच बँडचं नाव 'इंडस क्रीड' झालं. मागून 'पेंटाग्राम' आला, 'झीरो' आला. आज 'अभंग रिपोस्ट' हा मुंबईचाच बँड गिटार आणि ड्रमच्या साथीने अभंग गातो. उसन्या गाण्यापासून इथवर यायला चाळीस वर्षं लागली, आणि ती घरात बसून गेलेली नाहीत. लोकांपुढे चुकायला जागा लागते.

मराठी वाचकाला हे मी वेगळं सांगायला नको. १९७४ पासून 'आविष्कार'ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं केली. वरून पंख्यांचा आवाज, खाली रस्त्यावरचा गोंगाट. पण तिथे नाटक पडलं तरी नाटकवाला उठून पुढचं करू शकत होता. भाडं परवडत होतं, एवढंच त्याचं रहस्य.

रंगभवन कशाने गप्प झालं? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र, दिवसा मर्यादा ५० डेसिबल. साधं बोलणंही त्यापुढे जातं. रंगभवनाच्या शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं. पुढच्या काही वर्षांत अंमलबजावणी कडक झाली आणि तिथलं रॉक संपलं. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझी आई आजारी असताना एका रुग्णालयाच्या खिडकीतून रात्रभर दांडियाचे कर्णे ऐकले आहेत. तेव्हा कोणीतरी नियम दाखवावा असंच वाटत होतं. पण एक जागा बंद केली तर तिच्या बदल्यात दुसरी द्यायची असते, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. रंगभवनाच्या जागी मराठी भाषा भवन उभारायचं घाटत होतं. तेही पुढे चर्नी रोडला गेलं.

बदली जागा बाजाराने दिली. जुहूच्या हॉटेलात 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरस', लोअर परळला २००७ पासून 'ब्लू फ्रॉग'. बाजार मात्र पेयांच्या बिलावर चालतो, गाण्यावर नाही, आणि गिरण्यांच्या जमिनीचा भाव सर्वांना ठाऊक आहे. 'ब्लू फ्रॉग' २०१६ मध्ये बंद झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत चौदा जण गेले. त्यानंतर अशा जागांची तपासणी वाढली, ती वाढायलाच हवी होती. २०२२ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' माझगावला पुन्हा भरलं आणि २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर 'लोलापलूझा' आलं. वर मोठा जिना, खाली अंगण, मधल्या पायऱ्या गायब.

ध्वनिरोधक भिंतींचं एखादं महापालिकेचं सभागृह, रविवारी दुपारी, नाटकाच्या दराने, एवढ्याने पुष्कळ काम होईल. मिरवणुकांसाठी रस्ते मोकळे करणाऱ्या शहराला हे जड जाऊ नये.

भाच्याने उपनगरातल्या एका सार्वजनिक सभागृहात चौकशी केली. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "ऑर्केस्ट्रा का?" नाही, म्हणाला, आमची स्वतःची गाणी आहेत. ते थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. "मग अर्जात ऑर्केस्ट्राच लिहा," ते म्हणाले, "दुसरा रकानाच नाहीये."