प्रेशर वाढलंय? आधी काटा वाचा!

ऑफिसात डेडलाइनचं प्रेशर, सिग्नलला हॉर्नचं प्रेशर... आणि वीकएंडला फार्महाऊसवर जावं तर तिथंही प्रेशर! हे मात्र तुमचं नाही, स्विमिंग पूलच्या फिल्टरचं. टाकीवरच्या गोल मीटरचा काटा चढलेला, पूलमध्ये परत येणारी धार मरतुकडी आणि पाणी गढूळ. मग काय, ‘मारा बॅकवॉश!’ संध्याकाळी पुन्हा काटा वर? पुन्हा मारा! मंडळी, जरा दमानं.

फंडा सोपा आहे. पंप पूलमधलं पाणी ओढतो, वाळूच्या टाकीतून ढकलतो आणि पुन्हा पूलमध्ये सोडतो. मीटर बसलेला असतो वाळूच्या आधी. म्हणजे काटा चढला, तर अडथळा मीटरच्या पुढे : वाळूत, व्हॉल्व्हमध्ये नाहीतर परतीच्या पाइपात. पंपाआधीची जाळी पानांनी तुंबली, तर उलट काटा खाली येतो. हे कळलं की अर्धं निदान झालंच!

हा फंडा मला कळला तो जालना जिल्ह्यात, अंबडजवळच्या एका मोसंबीच्या मळ्यात. मैत्रिणीच्या काकांनी घरच्यांपुरता एक छोटा पूल बांधलाय. त्याचा काटा चढला, तेव्हा धावून आले ते बागेचं ठिबक सांभाळणारे दादा. आश्चर्य कसलं? बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्यातली घाण ठिबकच्या नळ्यांत जाऊ नये म्हणून तिथंही वाळूचाच फिल्टर असतो. फक्त ठिबकवाले दोन मीटर बघतात : पाणी आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा. दोघांतला फरक साधारण अर्ध्या किलोच्या वर गेला, की फिल्टर धुवायचा.

दादांनी मला विचारलं, ‘‘ताई, आजचा काटा सांगू नका. वाळू धुतली तव्हा किती व्हता, ते सांगा.’’

सॉलिड मुद्दा! पूलला मीटर बहुधा एकच. त्यामुळे काटा किती आहे यापेक्षा किती वाढलाय, हे महत्त्वाचं. स्वच्छ फिल्टरवर 12 पीएसआय दाखवणारा काटा 20-22 वर गेला, म्हणजे 8 ते 10 नं वाढला, की बॅकवॉशची वेळ झाली. पण एखाद्या पूलचा काटा स्वच्छ असतानाच 18 असेल, तर 20 बघून घाबरायचं कारण नाही. उलट थोडी मळलेली वाळू बारीक कचरा जास्त चांगला अडवते. उठसूट धुणं फायद्याचं नाहीच.

आता निदान, क्रमाने. पंप बंद करा. काटा शून्यावर आला नाही, तर मीटरच बिघडलाय. दुसरं, परतीच्या लाइनचा व्हॉल्व्ह कुणी अर्धवट बंद करून ठेवलाय का ते बघा. तिसरं, मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची मूठ ‘रीसर्क्युलेट’वर ठेवा. यात पाणी वाळूला वळसा घालून थेट पूलमध्ये जातं. काटा एकदम उतरला, तर दुखणं वाळूत. तसाच वर राहिला, तर ते व्हॉल्व्हमध्ये किंवा परतीच्या पाइपात. आणि हो, मूठ फिरवण्याआधी दरवेळी पंप बंद! प्रेशर असताना टाकीचं झाकण तर कधीच उघडू नका.

दोष वाळूतच निघाला, तर बॅकवॉश. काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट ‘रिन्स’. तरीही काटा उतरला नाही? शॉक क्लोरीननंतर मेलेलं शेवाळ वाळूत अडकलं असेल, तर आणखी एक-दोन बॅकवॉश लागतील. नाहीतर बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी वाळूचे गठ्ठे बांधले असतील. ठिबकच्या नळ्यांत असेच क्षार साचतात, म्हणून शेतकरी आम्ल प्रक्रिया करतात. पूलच्या वाळूचे गठ्ठे मात्र बॅकवॉशने सुटत नाहीत. साधारण पाच-सात वर्षं झालेली वाळू बदललेलीच बरी.

एवढी चिकित्सा कशाला? जरा हिशेब करा. तासाला 10 हजार लिटरचा पंप असेल, तर तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये 500 लिटर पाणी गटारात जातं. व्हॉल्व्ह अर्धवट बंद असताना दिवसातून दोनदा बॅकवॉश म्हणजे रोज 1000 लिटर, तेही फुकट! त्यात क्लोरीन, म्हणून ते तसंच झाडांना घालायचीही सोय नाही. 2012-13च्या दुष्काळात याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी मोसंबी जगवायला टँकर विकत घेतले, तरी कितीतरी बागा वाळल्या. अशा गावात पूल बांधायचा की नाही, यावर वाद घाला, जरूर घाला. पण बांधलाच असेल, तर त्याचं पाणी अंदाजपंचे उडवू नका.

त्यासाठी महागडं गॅजेट नको, एक मार्कर पुरे. पुढच्या बॅकवॉशनंतर पंप चालू करा, काटा स्थिर होऊ द्या आणि तो आकडा तारखेसह टाकीवरच लिहून ठेवा. पुढच्या वेळी पूलचा डॉक्टर तुम्हीच!