मुखत्याराचे घर
अकोल्याच्या जठारपेठेत किंवा अमरावतीच्या साईनगरात परदेशस्थ धाकट्या भावासाठी घर पाहणारा वडील बंधू आखीव पत्रिकेवरील नोंदी बोट ठेवून वाचतो, चैत्र-वैशाखात विहिरीला पाणी किती राहते हे शेजाऱ्यांस विचारतो, आणि इतकी दक्षता घेऊनही केवळ सोयीखातर खरेदीखत स्वतःच्या नावे करून घेतो, तेव्हा मला मनापासून हळहळ वाटते. वकिलातीत साक्षांकित झालेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घेतले, की दुय्यम निबंधकापुढे भावाच्या वतीने सही करता येते आणि मालकी भावाचीच राहते. पैसा एकाचा व नाव दुसऱ्याचे, हा व्यवहार १९८८ च्या बेनामी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. त्याहून मोठे भय पुढच्या पिढीचे, कारण काकांच्या शब्दावर विसंबलेल्या पुतण्यांपाशी दाखवायला साधे चिठोरेही नसते.